खेळातील नवा वंश आणि शेजाऱ्याची पाळी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या वसंतमालेत आजवर राजकारण, इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय बोलले गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही एक खेळ आणून बसवीत आहोत, आणि तोही फाशांचा! फाशांच्या नादाने काय होते ते धर्मराजाने सर्वांना पुरते शिकवून ठेवले आहे, असे कुणी म्हणेल. पण या खेळात पणाला काही लावायचे नसते आणि कुणाला हरवायचेही नसते. आपल्या घरातली कॉलेजात जाणारी मुले रविवारी दुपारी मित्राच्या घरी जमून संध्याकाळपर्यंत हा खेळ खेळत असतील, आणि आत नेमके काय चालते हे आईवडिलांना ठाऊक नसेल. म्हणून आधी खेळ कसा असतो ते सांगतो.

चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो सांगतो, ‘‘तुम्ही एका पडक्या गढीच्या दरवाज्याशी उभे आहात. तिन्हीसांज झाली आहे. आतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येतो आहे.’’ बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र असतात; कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी कुलपे उघडण्यात तरबेज. आपले पात्र काय करील ते ज्याने त्याने सांगायचे. करू म्हटलेली गोष्ट साधेल की नाही याचा संशय असला, की वीस पैलूंचा फासा टाकायचा, पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा त्यात मिळवायचा, आणि ठरलेल्या संख्येपर्यंत बेरीज पोचली तर काम फत्ते. कीर्तन, नाटक आणि सोंगट्या यांची ही एकत्र केलेली मिसळ आहे असे म्हटले तरी चालेल.

या जातीच्या खेळांतला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. तीन लहान पुस्तिका, एक पेटी आणि पहिल्या छपाईच्या हजार प्रती, एवढाच त्याचा प्रारंभीचा पसारा होता. आज तो जगभर खेळला जातो. त्यात पात्र निर्माण करताना दोन गोष्टी प्रथम ठरवाव्या लागतात: पात्राचा धंदा कोणता आणि त्याचा वंश कोणता. मनुष्य, दीर्घायुषी एल्फ, काटक ड्वार्फ, चिमुकला हाफलिंग असे वंश पुस्तकात दिलेले आहेत. आमच्याकडे ही कल्पना नवी नाही. अमरकोशात विद्याधर, यक्ष, गंधर्व, किन्नर इत्यादिकांना देवयोनी म्हटले आहे, आणि कोकणातल्या कोणत्याही आजीला वेताळ, मुंजा आणि खवीस यांच्यातला भेद बिनचूक सांगता येतो.

तेव्हा आमच्या मुलांना परक्या पुस्तकातले वंश पुरेसे वाटू नयेत हे साहजिकच आहे. पुस्तकाचीही त्याला ना नाही. उलट, घरचे नियम करा, घरचे वंश घडवा, असेच ते सुचविते. मग एखादा मुलगा वही घेऊन बसतो आणि गरुडाचा वंश लिहून काढतो. त्याला उडता येते, त्याची दृष्टी तीक्ष्ण, नखे तलवारीसारखी, कातडीला बाण लागत नाही आणि विषाची बाधा तर मुळीच नाही! मुलाला हे लिहिताना फार आनंद होतो. अडचण पुढच्या रविवारी येते, कारण टेबलाभोवती तो एकटाच नसतो.

येथे कुणी विचारील, की या खेळात एकमेकांविरुद्ध लढायचे नाही, सगळे एकाच बाजूचे. मग एकाला जास्त बळ असले म्हणून बिघडले काय? प्रश्न रास्त आहे आणि आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. टेबलावर सर्वांत दुर्मीळ वस्तू असते ती वेळ. चार तासांची बैठक आणि पाच माणसे. आपले पात्र असले म्हणून काहीतरी साधले, असे वाटण्याचा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला यावा, यासाठीच सगळे जमलेले असतात. गरुडवंशी मुलगा खंदक ओलांडतो, तट चढतो, पहारेकऱ्याला वरून टिपतो आणि किल्लीही घेऊन येतो. मग दोर बांधण्यात कुशल असलेल्या मुलीने काय करावे? पंगतीत एकानेच सगळी जिलबी वाढून घेतली, तर शेजारी कुणी शत्रू नसतानाही उपाशीच उठतो. समतोलाचा प्रश्न हा असा शेजाऱ्याचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्या लोकांनी पूर्वी सोडविलेला आहे, आणि तोही याच शहरात. १९१४ साली पुण्यात जिमखान्याच्या मंडळींनी समिती नेमून खो-खोचे नियम बांधायला घेतले. पुढे १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले. खो-खोकडे नीट पाहा. पाठलाग करणारे नऊ आणि पळणारे एका वेळी तीन. हा उघड अन्याय वाटतो. परंतु नवांपैकी आठ जण खाली बसलेले. उठलेल्या एकाने दिशा धरली की खांब गाठल्यावाचून त्याला मागे फिरता येत नाही, आणि बसलेल्यांच्या मधून आरपार जाता येत नाही. पळणारा मात्र कुठूनही निसटायला मोकळा. नवांना संख्या दिली आणि त्यांचे पाय बांधले. तिघांना संख्या दिली नाही, पण मैदान मोकळे दिले. शिवाय पाळी संपली की पाठलाग करणारे पळू लागतात. दोन्ही बाजू सारख्या न करताही समतोल कसा साधतो, याचे इतके सुबक उदाहरण शोधायला दूर जायला नको.

दुसरे उदाहरण सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान वरचे. त्यांच्याखाली पाच रंगांत दहाचे पान सर्वांत भारी आणि एक्का सर्वांत हलका, तर उरलेल्या पाच रंगांत हाच क्रम उलटा, म्हणजे एक्का भारी. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी पहिली, रात्री कृष्णाच्या राजाची. हातात नुसते मोठे आकडे आले म्हणून कुणाला फुशारकी मारता येऊ नये, अशी योजना त्या जुन्या लोकांनी करून ठेवली आहे.

आता परदेशी खेळाने वंशांचा समतोल कसकसा साधला ते पाहू. कारण त्याचा पन्नास वर्षांचा इतिहास उद्बोधक आहे. १९७४ च्या पुस्तिकांत मनुष्येतर वंशांना अधिक गुण दिले आणि त्यांच्या प्रगतीला छत घातले. ड्वार्फाने योद्धा म्हणून सहाव्या पायरीपलीकडे चढायचे नाही, आणि हाफलिंगाने तर चौथ्यापलीकडेही नाही. आरंभी भाव खायचा आणि पुढे मागे राहायचे. पण यात कोणत्याच दिवशी समतोल नसतो. पहिले सहा महिने मनुष्य कंटाळतो आणि पुढचे सहा महिने ड्वार्फ. सरासरी बरोबर येते, पण माणूस सरासरीत जगत नाही. तो त्या त्या संध्याकाळी खेळत असतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही छते काढून टाकली आणि बलाढ्य वंशाला काही पायऱ्यांची किंमत लावली. वंश जबरदस्त, पण पायरी दोनाने कमी. हिशेब चोख दिसला, तरी दोन पायऱ्या मागे असलेला मांत्रिक पहिल्याच तडाख्यात आडवा होऊ लागला.

तिसरा उपाय होता वजाबाकीचा, आणि त्याविषयी आम्हांस थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्रांच्या बळाला पुरुषांहून खालची मर्यादा घातलेली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्क नावाच्या वंशाला जन्मतःच बुद्धीत उणे दोन लावले होते. २०२० साली दुरुस्तीपत्रक काढून ते उणे पुसले गेले. २०२४ च्या नव्या पुस्तकाने तर ‘रेस’ हा शब्दच सोडून दिला आणि त्याजागी प्राणिशास्त्रातला ‘स्पीशीज’ हा शब्द घेतला. गुणांकांची वाढ वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपविली. म्हणजे पात्र बलवान असेल तर ते शेतात राबले म्हणून किंवा फौजेत राहिले म्हणून.

‘‘अहो, खेळच तो! ऑर्काचा एवढा कैवार कशाला?’’ असे कुणी म्हणतील. ऑर्काचा कैवार आम्हांस नाही. ऑर्क तो ऐकायला यायचाही नाही. आम्हांस चिंता आहे ती टेबलाशी बसलेल्या मुलांची. जन्मावरून बुद्धी ठरते हा नियम ज्या देशात शतकानुशतके खेळ म्हणून नव्हे तर कायदा म्हणून चालला, आणि तो मोडण्यासाठी ज्या शहरात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, त्या शहरातल्या मुलाने वहीत ‘अमुक वंश : बुद्धी उणे दोन’ असे सहज लिहून टाकावे, हे आम्हांस रुचत नाही. आणि नीतीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी खेळाच्या दृष्टीनेही ते लिहिणे कच्चे आहे. ज्याला बुद्धी कमी लावली त्या वंशाचा मांत्रिक कुणी करीत नाही. सगळे त्याचे योद्धेच करतात. उणे ठेवले, पण ते कुणाला भोगावेच लागले नाही. जी किंमत कुणी मोजतच नाही ती किंमत कसली?

हे सूत्र पुढेही उपयोगी पडेल. उन्हात ज्याचा नेम नीट लागत नाही असा एक भूगर्भवासी वंश २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आहे. पण सूत्रधाराची सगळी कथाच भुयारात घडत असेल, तर ती उणीव कागदावरच राहते. तेव्हा उणीव लिहिण्याआधी विचारावे, की आमच्या कथेत ती दर बैठकीला एकदा तरी आडवी येईल का?

आता थोडे गणित. घाबरून जाऊ नका, ते वीसपर्यंतच्या पाढ्यातले आहे. वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याचा संभव शेकडा पाच. अकरा किंवा अधिक पाहिजे असतील तर शेकडा पन्नास वेळा काम होते. गुणात एकाची भर घातली की पंचावन्न वेळा. परंतु दोन फासे टाकून त्यांतला मोठा धरायची मुभा दिली, की तेच पंचाहत्तरवर जाते. ‘एक मिळवा’ आणि ‘दोन फासे टाका’ ही दोन वाक्ये वहीत सारख्याच लांबीची दिसतात. पहिल्याने पाच मिळतात आणि दुसऱ्याने पंचवीस. म्हणून पहिली सवलत कायमची देता येते. दुसरी द्यायची ती एखाद्या नेमक्या कामापुरतीच.

आणि उडण्याचे काय? ते गणितात बसतच नाही. २०१५ साली आलेल्या आराकोक्रा या पक्षिवंशाला एका पाळीत पन्नास फूट उडता येत असे. मनुष्य तेवढ्याच वेळात तीस फूट चालतो. पुष्कळ ठिकाणी सूत्रधारांनी या वंशाला सरळ मज्जाव केला. कारण दरी, तट, नदी, सापळा या सगळ्या सूत्रधाराच्या अडचणी जमिनीवर उभ्या असतात. पंखवाल्याला त्या लागू पडत नाहीत, आणि त्या सोडविण्यात शेजाऱ्यांना जो वाटा मिळायचा तोही बुडतो. त्याच खेळात मांत्रिकाला उडण्याचा मंत्र पाचव्या पायरीवर मिळतो. म्हणजे पाचव्या पायरीपर्यंत उडणे ही मोठी देणगी आणि पुढे ती पुष्कळांच्या आवाक्यातली.

मग पंखांचा वंश करूच नये काय? अवश्य करावा, त्यासाठी रामायण उघडावे. किष्किंधाकांडात संपातीची कथा आहे. संपाती आणि जटायू हे दोघे भाऊ सूर्याकडे झेपावले. उन्हाने जटायू कासावीस झाला तेव्हा संपातीने आपले पंख त्याच्यावर पसरले. जटायू वाचला, संपातीचे पंख जळाले आणि तो विंध्यावर पडला. पुढे सीतेच्या शोधात हताश झालेल्या वानरांना त्याने समुद्रापलीकडची लंका बसल्या जागेवरून दिसते असे सांगितले, आणि ते सांगताच त्याला नवे पंख फुटले. आमच्या वंशाचे सगळे नियम या एका गोष्टीत आहेत, किंमतसुद्धा!

संपातीच्या वंशजांना आम्ही चार गोष्टी देऊ. पहिली, दूरदृष्टी. उघड्यावर, उजेडात, लांबचे काही निरखताना दोन फासे टाकून मोठा धरावा. मात्र एल्फ, ड्वार्फ इत्यादी अनेक वंशांना अंधारातही दिसते. तसे यांना दिसणार नाही. भुयार तर या खेळाच्या नावातच आहे, म्हणून ही किंमत दर बैठकीला मोजावी लागेल. दुसरी, उतरण. उंचावरून पडताना जळक्या पंखांवर तरंगत आपल्या चालीइतके, म्हणजे तीस फूट, पुढे जाता येईल आणि इजा होणार नाही. वर जाता येणार नाही. तिसरी, पंखांची सावली. अगदी शेजारी, पाच फुटांत असलेल्या सोबत्यावर घाव पडला, तर तो पुरताच्या पुरता स्वतःवर घेता येईल. पण दिवसातून एकदाच. पाचव्या आवृत्तीत अशीच शक्ती एका पंथाच्या धर्मयोद्ध्याला सातव्या पायरीवर, दहा फुटांपर्यंत आणि हवी तितक्या वेळा मिळते. पहिल्या पायरीवरच्या पात्राला ती एकदाच द्यायची ती त्याच हिशेबाने. चौथी, पाचवी पायरी चढल्यावर पंख पुन्हा फुटतील आणि दिवसातून एकदा दहा मिनिटे उडता येईल. २०२४ च्या पुस्तकात ड्रॅगनवंशीयांनाही नेमकी पाचव्या पायरीवर दहा मिनिटांचीच उड्डाणशक्ती दिली आहे, तेव्हा आमचे माप अवाच्या सवा नाही. बळ, बुद्धी, चापल्य यांची वाढ वंशाने द्यायची नाही; ती पात्राच्या पूर्वायुष्यावर सोडावी.

नियम सुचला म्हणजे झाले नाही. तो लिहावा लागतो, आणि लिहिण्यात फार जपावे लागते. २०२२ साली निघालेल्या एका अधिकृत पुस्तकात कातडीच्या पडद्यांवर तरंगणारा हॅडोझी नावाचा वंश होता. दर एक फूट खाली येताना पाच फूट पुढे जाता येईल, असे तेथे लिहिले होते; किती पुढे, याची मर्यादा लिहिली नव्हती. शंभर फुटांच्या बुरुजावरून उडी टाकणारा मग पाचशे फूट पलीकडे जाऊन उतरू लागला! पुढे दुरुस्तीपत्रकाने ते अंतर चालीइतके करावे लागले. आमच्या उतरणीला तीस फुटांची मर्यादा घातली ती उगाच नाही. नियम लिहून झाला की तो घरातल्या सर्वांत खोडकर मुलाच्या हाती द्यावा आणि यातून पळवाट काढ म्हणावे. वकिलाला फी द्यावी लागते, हे काम तो आनंदाने फुकट करील.

शेवटची परीक्षा खेळून पाहण्याची. दोनतीन बैठका होऊ द्याव्यात आणि मग विचारावे. येथे बहुतेक जण चुकीच्या माणसाला विचारतात: ज्याने तो वंश घेतला त्याला. त्याला तो आवडलेलाच असतो. विचारायचे ते त्याच्या डाव्याउजव्या हाताला बसलेल्यांना, आणि दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, ‘‘याच्यामुळे तुझे काही काम उरले नाही, असे कधी झाले का?’’ दुसरा, ‘‘हा होता म्हणून तुला काही साधले, असे कधी झाले का?’’ पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ आले, तर वंश जमला. पहिल्याचे ‘हो’ आले, तर वही उघडावी आणि सर्वांत लाडका नियम कोणता ते पाहावे. बहुधा काट तेथेच मारावी लागते.

संपातीवंशी पात्र त्या पहिल्या मुलाच्या गरुडापेक्षा दुबळे आहे. ते उंच टेकडीवरून गढीच्या मागची वाट पाहून सांगेल, पण ती वाट उतरण्यासाठी बाकीच्यांना दोरवाल्या मुलीचीच गरज लागेल. भुयारात शिरल्यावर त्याला एल्फाचे बोट धरावे लागेल. मांत्रिकावर तरवार पडेल तेव्हा ते आपले पंख पुढे करील, आणि मग त्याच्या जखमा दुसऱ्या कुणाला तरी बांधाव्या लागतील. प्रत्येक नियम त्याला कुणाच्या तरी उपयोगी पाडतो किंवा कुणाच्या तरी आधारावर ठेवतो. पाच जणांच्या चार तासांत पाचांनाही काम मिळते.

आमची सूचना एवढीच, की मुलांच्या हातात ही वही दिसली तर ती रिकामटेकडेपणाची म्हणून बाजूला सारू नका. जवळ बसा आणि विचारा, ‘‘तुझ्या वंशाला काय काय येते ते कळले; पण तो असला म्हणजे शेजाऱ्याच्या पाळीला काय उरते?’’ मूल थोडा वेळ गप्प बसेल, डोके खाजवील आणि मग खोडरबर मागेल. कायदे करणाऱ्या थोरांनाही जो प्रश्न वेळेवर सुचत नाही, तो चौदाव्या वर्षी सुचू लागला तर त्या रविवारच्या दुपारी वाया गेल्या असे आम्ही म्हणणार नाही.